रजिस्टर हातात आहे, ‘कशामुळे’ शोधायचंय: नागपुरातल्या नव्या पीजींसाठी (पदव्युत्तर निवासी डॉक्टरांसाठी)

थिसिसचा विषय मिळाला तेव्हा मला वाटलं, आपण सुटलो. इथल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या ओपीडीचं रजिस्टर होतं, भरतीच्या नोंदी होत्या, हायड्रॉक्सियुरिया हे त्यावरचं औषध कोणाला सुरू आहे तेही लिहिलेलं होतं. दोन्ही याद्या जोडल्या, टक्केवारी काढली. निघालं काय, तर औषध घेणारेच जास्त वेळा भरती होतात. गाइडनी कागद पाहिला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “मग? सगळ्यांचं औषध बंद करायचं का उद्यापासून?”

उत्तर चुकलंय हे दोघांनाही ठाऊक होतं, कारण या औषधाची खरी चाचणी आधीच झालेली आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या २९९ प्रौढ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं होतं. निकाल १९९५ साली छापून आले. वेदनेच्या क्रायसिसचं (अचानक उठणाऱ्या तीव्र दुखण्याचं) वर्षाचं मध्यक औषधाच्या गटात २.५, आणि नुसती दिसायला तशीच कॅप्सूल घेणाऱ्यांत ४.५. माझं रजिस्टर नेमकं उलटं सांगत होतं. हे माझं नशीबच म्हणायचं. खरं उत्तर आधी माहीत होतं म्हणून चूक दिसली. तुमच्या विषयात तसं उत्तर बहुधा नसेल, आणि चुकीचा आकडा तुम्ही आनंदाने बांधून सादर कराल.

त्यानंतरचं दीड वर्ष मी जे शिकले ते खाली क्रमाने लिहिते. उदाहरण सिकलसेलचंच ठेवलंय, कारण विदर्भात हा आजार काही पुस्तकातला नाही. कुठल्याही रजिस्टरला हाच क्रम लागू पडतो.

एक गंमत आधीच सांगून ठेवते. आमच्या विभागाचं जुनं नाव पीएसएम (प्रिव्हेन्टिव्ह अँड सोशल मेडिसिन), आणि औषध मिळण्याच्या शक्यतेवरून रुग्णांच्या जोड्या लावायच्या प्रोपेन्सिटी स्कोअर मॅचिंग या पद्धतीचंही लघुरूप पीएसएम. “पीएसएमवाल्यांनी पीएसएम केलं” हा विनोद तुम्हाला तीन वर्षांत किमान दहा वेळा ऐकावा लागेल.

काय काय लागेल

– एथिक्स कमिटीची मंजुरी. जुन्या नोंदींवरच काम असेल आणि ओळख पटेल असं काही घेणार नसाल, तर संमतीतून सूट मागण्याचा वेगळा अर्ज सोबत जोडा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याची तरतूद आहे. पुढे रुग्णांना फोन करायची वेळ येऊ शकते, त्याची परवानगीही याच अर्जात मागून घ्या. मी मागितली नव्हती आणि दोन महिने पुढच्या बैठकीची वाट पाहत बसले.
– विश्लेषणाचा लेखी आराखडा, तारखेसह. सीटीआरआय या भारताच्या चाचणी-नोंदणीच्या संकेतस्थळावर निरीक्षणात्मक अभ्यासही नोंदवता येतो. आकडे उघडण्याआधी नोंदवा.
– प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहिलेली वही: तो कोण भरतं, कधी भरतं, रिकामा का राहतो.
– आर हे सॉफ्टवेअर आणि त्यातली मॅचइट, वेटइट, कोबाल्ट ही पॅकेजेस. बाणांचं चित्र (पायरी ४) काढायला डॅगिटी, ते ब्राउझरमध्येच चालतं. सगळं फुकट आहे. चोरीच्या सॉफ्टवेअरची पेनड्राइव्ह हॉस्टेलवर फिरत असते, तिच्या नादी लागू नका.

१. आधी न झालेली चाचणी कागदावर लिहा

संगणक बंद ठेवा. पैसा, वेळ, परवानगी सगळं हाताशी असतं तर तुम्ही कोणती यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून गट ठरवणारी) चाचणी केली असती, ते एका पानावर लिहून काढा. कोण पात्र? कोणत्या दोन उपचारांची तुलना? घड्याळ कधी सुरू? किती महिने पाहणार? काय मोजणार? मिगेल हर्नान आणि जेम्स रॉबिन्स यांनी २०१६ साली ही पद्धत ‘टार्गेट ट्रायल’ या नावाने नीट मांडली. रजिस्टरमधून आपण त्याच चाचणीची नक्कल करत असतो.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये (थिसिसच्या प्रस्तावात) “हायड्रॉक्सियुरियाचा भरतीशी संबंध अभ्यासणे” एवढंच होतं. यातून काहीच ठरत नाही. औषध सुरू करणं की वर्षभर नियमित घेणं? कोणाच्या तुलनेत? दुसऱ्यांदा लिहिलं ते असं: पाच ते अठरा वर्षांची, एसएस प्रकार (आई-वडील दोघांकडून सिकल जनुक आलेला) निश्चित झालेली, आधी हे औषध कधीही न घेतलेली मुलं, या भेटीत औषध सुरू केलं विरुद्ध नाही केलं, पुढच्या बारा महिन्यांत वेदनेच्या क्रायसिससाठी निदान एक भरती झाली का.

‘आधी कधीही न घेतलेली’ हे शब्द पाहुण्यासारखे नंतर आले, पण घरात सगळ्यात महत्त्वाचे तेच ठरले. रजिस्टर सुरू व्हायच्या आधीपासून औषध घेणारे म्हणजे ज्यांना ते सोसलं, ज्यांना गुण आला, जे टिकले ते. ज्यांनी दुसऱ्याच महिन्यात सोडलं ते तुमच्या यादीत नाहीतच. रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन उपचाराचं असंच झालं होतं. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात हार्मोन घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी दिसला. २००२ साली मोठ्या यादृच्छिक चाचणीत धोका उलट वाढलेला निघाला. पुढे २००८ मध्ये हर्नान आणि सहकाऱ्यांनी परिचारिकांचेच आकडे ‘आता नव्याने सुरू करणाऱ्या’ बायकांपासून मोजले, तेव्हा दोहोंतली बरीचशी तफावत मिटली. आकडे तेच होते, फक्त घड्याळ योग्य क्षणी सुरू केलं होतं.

२. टाइम झिरो, म्हणजे मोजणी सुरू होण्याचा क्षण ठरवा

सापळा इथे सगळ्यात खोल आहे, म्हणून थांबते.

समजा एक मुलगी जानेवारीत पहिल्यांदा ओपीडीत आली आणि सप्टेंबरात तिचं औषध सुरू झालं. तुम्ही तिला ‘औषध गटात’ टाकलं आणि जानेवारीपासून मोजायला लागलात. जानेवारी ते सप्टेंबर ती जिवंत होती, येत होती, हे आपोआपच ठरलेलं आहे, कारण एप्रिलमध्ये ती दगावली असती तर औषध सुरूच झालं नसतं आणि तिची नोंद ‘विनाऔषध’ गटात गेली असती. ते आठ महिने औषधाच्या खात्यात फुकट जमा झाले. याला इमॉर्टल टाइम, अमर काळ म्हणतात. या एका चुकीने साध्या पाण्यालाही आयुष्य वाढवणारं औषध ठरवता येतं.

उपाय असा. तीन गोष्टी एकाच दिवशी घडल्या पाहिजेत: रुग्ण पात्र ठरणं, गट ठरणं आणि मोजणी सुरू होणं. मी दर महिन्याची एक छोटी चाचणी धरली. मार्चमध्ये ओपीडीत आलेल्या पात्र मुलांपैकी ज्यांचं औषध मार्चमध्ये सुरू झालं ती एका बाजूला, नाही झालं ती दुसऱ्या बाजूला. एप्रिलमध्ये पुन्हा तसंच. वरची मुलगी जानेवारीच्या चाचणीत विनाऔषध आणि सप्टेंबरच्या चाचणीत औषध गटात, दोन्हीकडे येते; त्यात गैर काही नाही. एकच व्यक्ती अनेकदा येते म्हणून स्टँडर्ड एरर व्यक्तीनुसार क्लस्टर करून घ्या (एकाच व्यक्तीच्या नोंदी एक गट धरा), नाहीतर कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे उत्तराच्या अनिश्चिततेचा पट्टा, खोटाच अरुंद दिसेल.

विनाऔषध गटातल्या मुलानं नंतर औषध सुरू केलं तर? पहिल्यांदाच करत असाल तर त्याला मूळ गटातच राहू द्या. परिणाम थोडा पातळ होतो, पण नव्या पूर्वग्रहाला (बायसला, उत्तर एकाच बाजूला झुकवणाऱ्या चुकीला) दार उघडत नाही.

३. रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसा

हे कुठल्याच कार्यशाळेत सांगत नाहीत. मी गेले तीही नाइलाजाने, नवतपाच्या दिवसांत, कूलर नसलेल्या खोलीत. तिथले मामा पंचवीस वर्षं तीच गठ्ठ्यांची कपाटं सांभाळत होते. मी एका नावावर बोट ठेवून म्हणाले, हा गडचिरोलीचा मुलगा बघा मामा, औषध नाही, तरी वर्षभरात एकदाही भरती नाही. मामा हसले. “म्याडम, तो काई बरा नाई झाला. दुखलं का तो गडचिरोलीलेच भरती होते. इथं काहून येईन तो रात्रीचा?”

माझा अर्धा थिसिस त्या एका वाक्यात होता. लांबच्या रुग्णांना औषध कमी मिळत होतं, कारण त्यासाठी दर काही आठवड्यांनी रक्त तपासायला यावं लागतं. आणि त्यांच्या भरत्या आमच्या रजिस्टरमध्ये उमटतच नव्हत्या. म्हणजे विनाऔषध गटात भरती कमी ‘दिसत’ होती. कोरा रकाना आणि शून्य यांत मी फरकच केला नव्हता.

मी दोन गोष्टी केल्या. पहिल्या भेटीच्या वेळी नागपूर जिल्ह्यात राहणारीच मुलं घेतली, आणि त्यांच्या पालकांना फोन करून खासगी किंवा दुसऱ्या रुग्णालयातल्या भरत्या विचारल्या. संख्या निम्म्यावर आली, गाइड नाराज झाले. होऊ द्या. मोठ्या संख्येने पूर्वग्रह कमी होत नाही, चुकीच्या आकड्यावरचा विश्वास मात्र वाढतो.

मामांकडे जाताना तर्री-पोह्याचं पार्सल न्या. संशोधन पद्धतीतला हा भाग मी पूर्ण गांभीर्याने लिहिते आहे.

४. बाणांचं चित्र काढा

आता कोणत्या गोष्टी ‘ॲडजस्ट’ करायच्या, म्हणजे कोणत्या बाबतीत दोन्ही गट सारखे करून तुलना करायची, ते ठरवा. जुडिया पर्ल यांनी रूढ केलेली बाणांची आकृती इथे कामी येते: एकातून दुसरं घडतं असं वाटलं की बाण काढायचा. तीन जागा ओळखता आल्या तर काम झालं.

पहिली, कन्फाउंडर: जो औषध मिळण्यावरही परिणाम करतो आणि भरतीवरही. आमच्याकडे आजाराची तीव्रता. डॉक्टर औषध देतात तेच ज्याला वारंवार दुखतं त्याला. मागच्या वर्षातल्या क्रायसिस, रक्त चढवण्याची वेळ, वय, घर किती लांब, हे सगळं घ्या.

दुसरी, मधला दुवा: औषधाचा परिणाम ज्याच्या वाटेनं होतो तो. हायड्रॉक्सियुरिया रक्तातलं फीटल हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ वाढवतं आणि त्यातून क्रायसिस कमी होतात. औषध सुरू होण्याआधीचं एचबीएफ कन्फाउंडर आहे, ते घ्यायलाच हवं. सहा महिन्यांनंतरचं एचबीएफ मधला दुवा आहे. ते मॉडेलमध्ये टाकलंत तर औषधाचा परिणाम तुम्ही स्वतःच्या हातानं पुसून टाकता. रकान्याचं नाव दोन्हीकडे एकच, फरक फक्त तारखेचा. माझ्या एक्सेलमध्ये दोन्ही एकाच रकान्यात होते, ‘शेवटचा रिपोर्ट’ म्हणून.

तिसरी, कोलायडर: ज्यात दोन बाण येऊन आदळतात. सर्वांत नेहमीचं रूप म्हणजे फक्त भरती झालेल्या रुग्णांवर अभ्यास करणं. भरती अनेक कारणांनी होते, आणि फक्त भरती झालेले पाहिले की एरवी संबंध नसलेल्या दोन गोष्टींत संबंध दिसू लागतो. जोसेफ बर्कसन यांनी हे १९४६ सालीच दाखवून दिलं होतं. तरी दर वर्षी वॉर्डातल्या रुग्णांवर असे थिसिस होतात, कारण वॉर्डातला रुग्ण हाताशी असतो.

पी व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याचं माप) ०.०५ च्या आत आलेले घटक मॉडेलमध्ये घ्यायचे, ही बायोस्टॅटच्या वर्गातली सवय इथे सोडा. कन्फाउंडर ठरतो तो आजाराच्या ज्ञानावरून. हे चित्र घेऊन ओपीडीतल्या वरिष्ठ डॉक्टरांसमोर दहा मिनिटं बसा आणि विचारा, तुम्ही कोणाला औषध देत नाही? मिळालेलं उत्तर थेट बाणांत उतरवा.

५. एकदा हाताने करून पाहा

सॉफ्टवेअरच्या आधी हे वहीत करा. आकडे समजुतीचे आहेत.

समजा २०० मुलं, १०० तीव्र आजाराची, १०० सौम्य. तीव्रपैकी ८० जणांना औषध, त्यातली ३२ भरती झाली, म्हणजे ४० टक्के. औषध नसलेल्या २० पैकी १२, म्हणजे ६० टक्के. सौम्यपैकी २० जणांना औषध, भरती २, म्हणजे १० टक्के; औषध नसलेल्या ८० पैकी १६, म्हणजे २० टक्के.

दोन्ही प्रकारांत औषध घेणारे कमी भरती होतात. आता सगळे एकत्र मिसळा. औषध गट: १०० पैकी ३४. विनाऔषध: १०० पैकी २८. औषध वाईट ठरलं! माझ्या पहिल्या कागदावर हेच झालं होतं.

आता वजन द्या. तीव्र मुलाला औषध मिळण्याची शक्यता ०.८, म्हणून अशा प्रत्येकाचं वजन १ भागिले ०.८, म्हणजे १.२५. सौम्य असूनही औषध मिळालेल्याची शक्यता ०.२, त्याचं वजन ५. तो दुर्मीळ आहे, पाच जणांच्या वतीने बोलतो. औषध गटातल्या भरत्या: ३२ गुणिले १.२५ म्हणजे ४०, अधिक २ गुणिले ५ म्हणजे १०. एकूण ५०, म्हणजे २०० पैकी २५ टक्के. विनाऔषध गटात १२ गुणिले ५ आणि १६ गुणिले १.२५, मिळून ८०, म्हणजे ४० टक्के. धोका ४० वरून २५ वर, गुणोत्तर ०.६२५.

‘इन्व्हर्स प्रोबॅबिलिटी वेटिंग’ या भारदस्त नावाखाली एवढंच आहे.

६. प्रोपेन्सिटी स्कोअर

खऱ्या रजिस्टरमध्ये तीव्र-सौम्य असे दोनच कप्पे नसतात. वय, एचबीएफ, मागच्या क्रायसिस, अंतर असं बरंच असतं. ते सगळं घेऊन प्रत्येकाला औषध मिळण्याची शक्यता काढायची, साधारणपणे लॉजिस्टिक रिग्रेशनने. हाच प्रोपेन्सिटी स्कोअर. रोझेनबॉम आणि रुबिन यांनी १९८३ साली हे मांडलं. मग त्या शक्यतेवर जोड्या लावा किंवा वर केलं तसं वजन द्या.

क्रम असा ठेवा. स्कोअर काढा, दोन्ही गटांचे आलेख एकावर एक ठेवून पाहा. एका टोकाला फक्त औषधवाले आणि दुसऱ्या टोकाला फक्त विनाऔषधवाले असतील, तर त्या टोकांबद्दल तुमच्याकडे माहितीच नाही. ते भाग सोडा आणि सोडले असं स्पष्ट लिहा. मग कोबाल्टने समतोल तपासा: प्रत्येक घटकाचा प्रमाणित फरक (दोन गटांच्या सरासरीतला फरक भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन) ०.१ च्या आत असावा. नसेल तर मॉडेल बदला, पुन्हा पाहा. हे सगळं होईपर्यंत भरतीचा रकाना उघडू नका. मी तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवून पासवर्ड मैत्रिणीला देऊन टाकला होता.

इथल्या चुका थोडक्यात. समतोलासाठी पी व्हॅल्यू पाहू नका, जोड्या लावल्यावर संख्या घटते आणि पी आपोआप मोठा होतो. औषध कोणाला मिळालं हे मॉडेल ‘किती अचूक’ ओळखतं याचा अभिमान बाळगू नका; फार अचूक ओळखत असेल तर तुलनेला कोणी उरत नाही. एखाद्याचं वजन ४०-५० झालं तर तुमचं उत्तर त्या एका मुलावर उभं आहे. त्याचा कागद काढून वाचा, बऱ्याचदा नोंदच चुकलेली असते.

आणि मुख्य म्हणजे, स्कोअर फक्त मोजलेल्या गोष्टींचा समतोल साधतो. आईचं शिक्षण तुमच्या रजिस्टरमध्ये नसेल तर स्कोअरला त्याचा पत्ता नाही.

७. न मोजलेल्याचं काय

दोन तपासण्या करा. पहिली, ई-व्हॅल्यू, म्हणजे निष्कर्ष मोडायला न मोजलेला घटक किती जोरदार लागेल त्याचं माप; व्हँडरवील आणि डिंग यांची, २०१७ ची. वरच्या ०.६२५ चा व्यस्त १.६. त्यात १.६ गुणिले ०.६ चं वर्गमूळ मिळवा: सुमारे २.५८. अर्थ असा की, आपला निष्कर्ष पूर्ण खोटा ठरवायला असा न मोजलेला घटक लागेल, ज्याचं औषध मिळण्याशी आणि भरतीशी, दोन्हींशी किमान २.५८ पट नातं आहे, तेही बाकी सगळं ॲडजस्ट केल्यानंतर. असा घटक तुमच्या आजारात संभवतो का, यावर दोन परिच्छेद लिहा. नुसता आकडा छापून पुढे जाऊ नका. कॉन्फिडन्स इंटरव्हलचं जे टोक १ या आकड्याच्या जवळ आहे, त्यासाठीही तो काढा.

दुसरी मला जास्त आवडते: ज्यावर औषधाचा परिणाम होणं शक्यच नाही, असा निकाल तपासा. मी रस्त्यावरच्या अपघातामुळे झालेली भरती घेतली. जुन्या, सगळे जिल्हे मिसळलेल्या यादीत औषध घेणाऱ्यांचे अपघात जास्त दिसले. कॅप्सूल घेतल्याने कोणी दुचाकीवरून पडत नाही. ते शहरात राहत होते आणि पडल्यावर आमच्याकडे येत होते, एवढंच. मामांनी सांगितलेलं आकड्यांतही दिसलं. नव्या यादीत तो फरक गेला.

८. दुसऱ्या वाटा

कधीकधी परिस्थितीच चिठ्ठ्या टाकून देते. १८५४ च्या लंडनमध्ये जॉन स्नो यांनी एकाच वस्तीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं पाणी घेणाऱ्या घरांतले कॉलऱ्याचे मृत्यू मोजले, ते याच जातीचं काम. एखादी योजना काही जिल्ह्यांत आधी आणि काहींत नंतर आली असेल, तर डिफरन्स-इन-डिफरन्सेस पाहा, म्हणजे दोन्हीकडच्या आधी-नंतरच्या बदलांतला फरक. पण योजनेआधी दोन्हीकडचा कल समांतर होता का, ते आलेखात दाखवा. गुण किंवा वयाची ठाम मर्यादा असेल तर रिग्रेशन डिसकंटिन्युइटी, म्हणजे मर्यादेच्या जरा अलीकडच्या आणि जरा पलीकडच्या लोकांची तुलना. कार्ड, अँग्रिस्ट आणि इम्बेन्स यांना २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल अशाच नैसर्गिक प्रयोगांच्या कामासाठी मिळालं.

इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल, म्हणजे औषध मिळण्यावर परिणाम करणारा पण निकालावर फक्त औषधाच्याच वाटेने परिणाम करणारा घटक, मात्र जपून. ‘रुग्णालयापासूनचं अंतर’ हे सर्वांना पहिलं सुचतं. मलाही सुचलं. पण अंतराचा निकालाशी औषधाच्या वाटेशिवाय दुसरा संबंध असता कामा नये, आणि आमच्याकडे तो कसा होता ते मामांनी सांगितलंच आहे.

९. लिहिताना आणि व्हायव्हाला

‘संबंध आढळला’ असं मोघम लिहून चर्चेत ‘म्हणून औषध द्यावं’ म्हणू नका. तुम्हाला कारण शोधायचं होतं तर तसं उद्दिष्टातच लिहा, आणि ते कोणत्या गृहीतकांवर टिकून आहे तेही. मॉडेलमधल्या बाकीच्या घटकांचे आकडे कारण म्हणून वाचू नका. वय आणि अंतर तुम्ही औषधासाठी ॲडजस्ट केलेत, त्यांचा स्वतःचा परिणाम त्या तक्त्यातून निघत नाही. वगळलेल्या रुग्णांचा आराखडा द्या, कोणत्या टप्प्यावर किती गेले. आरची स्क्रिप्ट परिशिष्टात जोडा.

बाहेरचे परीक्षक एक प्रश्न हमखास विचारतात: “चाचणी झालेली असताना हे कशाला केलं?” मी म्हणाले, सर, चाचणीतली माणसं प्रौढ होती आणि तिकडची होती; आपली मुलं लहान आहेत, त्यांचं एचबीएफ मुळातच बऱ्याचदा जास्त असतं, आणि औषध चाचणीतल्यासारखं मोजूनमापून त्यांच्या हातात पडत नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला तो अपघातांच्या तक्त्यावर. त्यावर आम्ही वीस मिनिटं बोललो.